'इन्सल्ट' आणि 'अपमान' : कोलकात्यातील एका मसुद्याच्या अनुषंगाने

इंग्रजीतील 'इन्सल्ट' हा शब्द मराठी भाषकाला अपरिचित नाही. शिकलेल्या घरांतून 'माझा इन्सल्ट झाला' असे वाक्य सहज ऐकू येते, आणि बोलणाऱ्याला तेथे 'अपमान' ह्या शब्दाहून वेगळे काही म्हणावयाचे असते असेही नाही. कोशकारांनी हे दोन शब्द परस्परांचे पर्याय म्हणूनच नोंदविले आहेत. परंतु ह्या इंग्रजी शब्दाचे भारतातील सर्वांत परिणामकारक उपयोजन बोलभाषेत झालेले नसून फौजदारी कायद्यात झाले आहे. हे उपयोजन ज्या मसुद्यात प्रथम सिद्ध झाले, तो कोलकाता येथे तयार झाला. कायद्यातील 'इन्सल्ट' आणि मराठी समाजव्यवहारातील 'अपमान' एकमेकांवर पूर्णपणे बसतात काय, हा प्रश्न केवळ शब्दार्थाचा नाही. एखाद्या लेखकाचे पुस्तक जप्त व्हावे की न व्हावे, एखाद्या दलित स्त्रीची तक्रार नोंदवून घेतली जावी की न जावी, हे पुष्कळदा ह्या बसण्या-न बसण्यावर ठरते.

१८३४ साली गव्हर्नर जनरलच्या कौन्सिलचा विधिसदस्य म्हणून मेकॉले भारतात आला. चौरंगीवरील ज्या वास्तूत तो राहत असे, तेथे पुढे बेंगाल क्लब आला. त्याच्या अध्यक्षतेखालील पहिल्या विधि आयोगाने दंडसंहितेचा मसुदा १८३७ साली लॉर्ड ऑकलंड ह्यांस सादर केला. आयोगात मुंबई इलाख्याचे अँडरसन आणि मद्रास इलाख्याचे मॅक्लिऑड हेही होते. मसुदा दोन दशकांहून अधिक काळ पडून राहिला. बार्न्स पीकॉक ह्याने त्याचे संस्करण केल्यावर तो १८६० चा पंचेचाळिसावा अधिनियम म्हणून कोलकात्याच्या विधान परिषदेत संमत झाला आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलात आला.

धर्मविषयक अपराधांच्या प्रकरणास जोडलेल्या टिपणात आयोगाने आपली भूमिका स्पष्ट केली आहे. प्रत्येकाला आपापला धर्म पाळू द्यावा, मात्र दुसऱ्याच्या धर्माचा 'इन्सल्ट' करण्याची मोकळीक कोणालाही असू नये, असा तिचा आशय आहे. धर्मविषयक प्रामाणिक चर्चेला पुरेसा वाव असावा, ही अपेक्षाही त्याच टिपणात आहे. म्हणजे चर्चा आणि 'इन्सल्ट' ह्यांमध्ये रेषा ओढण्याचे काम आरंभापासूनच ह्या शब्दाकडे आले. त्याची व्याख्या मात्र संहितेत कोठेही दिलेली नाही.

संहितेची शब्दयोजना बारकाईने पाहिली असता एक व्यवस्था दिसून येते. कलम २९५ मध्ये, म्हणजे उपासनास्थान भ्रष्ट करण्याच्या अपराधात, 'इन्सल्ट' होतो तो धर्माचा. कलम २९८ मध्ये भावनांसाठी 'वून्ड', म्हणजे घायाळ करणे, हे क्रियापद येते. १९२७ साली, लाहोर उच्च न्यायालयासमोरील एका पुस्तिकेच्या प्रकरणानंतर घातलेल्या कलम २९५-अ मध्ये दोन क्रियापदे एकत्र आली : भावनांसाठी 'आउटरेज' आणि धर्मासाठी वा धर्मश्रद्धेसाठी 'इन्सल्ट'. स्त्रियांविषयीच्या कलमांतही अशीच जोडी आहे. कलम ३५४ मध्ये हल्ला किंवा बलप्रयोग असल्याने 'आउटरेज', तर कलम ५०९ मध्ये शब्द, हावभाव वा कृती असल्याने 'इन्सल्ट'. ज्याला आपण 'दुखापत' म्हणतो त्या 'हर्ट' ची व्याख्या मात्र शारीरिक वेदना, व्याधी वा दौर्बल्य एवढ्यापुरतीच मर्यादित ठेवली आहे. इंग्रजीत भावनांनाही 'हर्ट' होऊ शकतो. मसुदाकारांनी तो शब्द शरीरासाठी राखून ठेवला.

मराठीत येताना ही व्यवस्था विस्कळीत झाली. 'वून्ड' आणि 'आउटरेज' ह्या दोहोंसाठी वृत्तपत्रांनी व पोलीस ठाण्यांनी एकच क्रियापद स्वीकारले : 'भावना दुखावणे'. 'दुखापत' आणि 'दुखावणे' ही एकाच मुळाची अपत्ये होत. त्यामुळे जो भेद इंग्रजी संहितेने जाणीवपूर्वक राखला होता, तो मराठी वाचकाच्या कानाला जाणवतच नाही. भावनेलाही हाडामांसासारखीच इजा होते, असा ध्वनी निघतो. ह्याहून महत्त्वाची बाब व्याकरणाची आहे. 'दुखावणे' हे क्रियापद सकर्मक आहे आणि अकर्मकही आहे. 'त्याने भावना दुखावल्या' आणि 'भावना दुखावल्या' ही दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत, आणि भूतकाळी कर्मणी रचनेत क्रियापदाचे रूपही बदलत नाही. 'त्याने' हा शब्द गळताच कर्ता जातो आणि कर्त्याबरोबर त्याचा हेतूही जातो. कलम २९५-अ चा सारा भार हेतूवर आहे. बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतू असल्याशिवाय तो अपराध घडत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५७ साली रामजीलाल मोदी खटल्यात ह्या कलमाची वैधता मान्य करतानाच स्पष्ट केले. मराठी मथळ्यात मात्र दुखावलेली भावना तेवढी शिल्लक राहते. हा दोष बातमीदाराचा म्हणता येणार नाही. भाषेनेच ती सोय दिली आहे.

'अपमान' ह्या शब्दाची घडण निराळी आहे. लॅटिनमधील ज्या धातूपासून 'इन्सल्ट' आला, त्याचा मूळ अर्थ अंगावर उडी घेणे असा आहे. त्यात आक्रमण आहे, म्हणून आक्रमकही आहे. 'अपमान' मध्ये 'मान' खाली येणे आहे. तो कोणी खाली आणला हे शब्द सांगत नाही. मराठीने ही उणीव साहाय्यक क्रियापदांनी भरून काढली. अपमान 'करणे' ही कर्त्याची कृती, अपमान 'होणे' ही घटना, अपमान 'वाटणे' ही अनुभवणाऱ्याची स्थिती. तिन्ही स्वतंत्रपणे संभवतात. लग्नकार्यात व्याह्यांना पहिल्या पंगतीचे बोलावणे वेळेवर गेले नाही, तर त्यांचा अपमान 'होतो'. तो कोणी 'केलेला' असतोच असे नाही. मानपानावरून होणारे रुसवे बहुधा न केलेल्या गोष्टींचे असतात. कायद्याला 'करणे' हवे असते, आणि तक्रारदार बहुतेक वेळा 'होणे' किंवा 'वाटणे' घेऊन ठाण्यात येतो.

कलम ५०४ मध्ये ह्या अंतराची कसोटी लागते. पोलिसांच्या नित्य भाषेत हे कलम 'शिवीगाळी' चे. परंतु नुसती शिवी येथे पुरेशी नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली महाराष्ट्रातील एका प्रकरणात सांगितल्याप्रमाणे अपमान उद्देशपूर्वक केलेला असला पाहिजे, तो प्रक्षोभक असला पाहिजे, आणि प्रक्षोभातून शांतताभंग होईल असा उद्देश वा जाणीव असली पाहिजे. म्हणजे कायदा येथे अपमानिताच्या दुःखाची दखल घेत नाही. तो काय करून बसेल, ह्याची चिंता करतो. निमूटपणे सोसणाऱ्याच्या वाट्याला अशा कायद्यातून फारसे काही येत नाही. जातीय अपमानाच्या संदर्भात ही उणीव फार मोठी होती. अनुसूचित जाती व जमाती (अत्याचार प्रतिबंध) अधिनियम, १९८९ ह्याने 'इन्सल्ट' ला शांतताभंगाच्या अटीतून सोडविले आणि पाणउतारा करण्याच्या उद्देशाशी जोडले. तेथेही अपमान लोकांच्या दृष्टीस पडेल अशा ठिकाणी झाला पाहिजे, ही अट राहिली. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी उपस्थित नसताना उच्चारलेले शब्द ह्या कक्षेत येत नाहीत, असे २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले. 'वाटणे' अर्थात तेथेही पुरावा ठरत नाही.

ज्या शहरात मसुदा झाला, तेथील बंगाली भाषेचा अनुभव ताडून पाहण्याजोगा आहे. बंगालीतही 'अपमान' आहेच. परंतु धर्मभावनेच्या संदर्भात 'आघात' हा शब्द रूढ आहे, म्हणजे पुन्हा शरीरावरचाच प्रहार. तेथील 'अभिमान' हा शब्द मात्र मराठी माणसाला चकवितो. मराठीत अभिमान म्हणजे गर्व वा स्वत्वाची जाणीव. बंगालीत तो जिवलगाने दुखावल्याने आलेला अबोल रुसवा होय. परक्याविषयी तो धरता येत नाही आणि कोणत्याही कलमाखाली त्याची फिर्याद होत नाही. नव्याने कोलकात्यास गेलेल्या मराठी माणसाने 'मला तुमचा अभिमान आहे' हे वाक्य शब्दशः बंगालीत उतरविले, तर ऐकणारा आपले काय चुकले म्हणून विचारात पडेल.

२००३ साली पश्चिम बंगाल शासनाने तसलिमा नसरीन ह्यांचे 'द्विखंडित' हे आत्मचरित्राचे पुस्तक कलम २९५-अ च्या आधारे जप्त केले. २००५ साली कोलकाता उच्च न्यायालयाने ती जप्ती रद्द ठरविली. महाराष्ट्र शासनाने २००४ साली जेम्स लेन ह्यांच्या शिवाजी महाराजांवरील पुस्तकावर घातलेली बंदी कलम १५३-अ खाली, म्हणजे गटागटांतील वैरभावाच्या कलमाखाली होती. ती मुंबई उच्च न्यायालयाने २००७ साली उठविली आणि सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय २०१० साली कायम केला. ह्या दुसऱ्या प्रकरणात कलमाच्या शब्दांत ना 'इन्सल्ट' होता ना भावना दुखावणे. तरीही महाराष्ट्रातील सार्वजनिक चर्चा ह्याच दोन शब्दांत झाली, आणि २००४ च्या जानेवारीत पुण्याच्या भांडारकर संस्थेवर झालेल्या हल्ल्याचे समर्थनही त्यांतच मांडले गेले.

१ जुलै २०२४ पासून १८६० ची संहिता जाऊन भारतीय न्याय संहिता अंमलात आली. कलम २९५-अ आता २९९, ५०४ हे ३५२, तर ५०९ हे ७९ झाले आहे. तिच्या इंग्रजी पाठात 'इन्सल्ट' कायम आहे, आणि ह्याही खेपेस त्याची व्याख्या दिलेली नाही.