जुनी वेगवान मोटार : निवड कशी करावी ?

आठ-दहा वर्षांपूर्वीं शाळेंतून बाहेर पडलेला आमचा एक विद्यार्थी मागील दिवाळीच्या सुटींत आम्हांस भेटावयास आला. तो हल्लीं पुण्यास नोकरीस आहे. तीन वर्षांच्या पगारांतून काटकसर करून त्यानें पांच लाख रुपये शिल्लक टाकले होते, आणि त्यांतून एक जुनी परंतु वेगवान मोटार घ्यावी असा त्याचा मनोदय होता. "तीन गाड्या डोळ्यांपुढें आहेत, सर, कोणती घेऊं?" असा त्याचा प्रश्न. बरोबर त्याच्या मातोश्री होत्या. त्यांनीं हळूच विचारलें, "पण वेगवान कशाला ?"

दोन्ही प्रश्न आम्हांस रास्त वाटले. त्या दिवशीं जें बोलणें झालें तें आमच्या इतर विद्यार्थ्यांस व पालकांसही उपयोगी पडेल असें वाटल्यावरून त्याचा सारांश येथें देत आहों.

हॅचबॅक म्हणजे मागील बाजूस निराळी डिकी नसलेली, पाठीमागची कांच व दार मिळून एकदम वर उघडणारी आंखूड मोटार. वजन कमी, लांबी कमी, पेट्रोल बेताचें. म्हणून मध्यम स्थितींतील कुटुंबांत तिचा प्रसार फार झाला. हीच घरगुती गाडी घेऊन तींत अधिक जोरदार इंजिन, अधिक ताठ स्प्रिंगा व अधिक समर्थ ब्रेक बसविले कीं तिचा स्वभाव पालटतो. बाहेरून पाहणाऱ्यास फारसा फरक दिसत नाहीं. चालविणाऱ्यास मात्र तो पहिल्या चढावरच कळतो.

हा जोर बहुधा टर्बोचार्जर या उपकरणानें आणिलेला असतो. साध्या इंजिनांतून बाहेर पडणारा तप्त धूर वायां जातो. त्याच्या वाटेंत एक लहान चक्र बसविलें म्हणजे धुराच्या झोतानें तें फिरूं लागतें. त्याच दांड्यावरचें दुसरें चक्र बाहेरची हवा दाबून इंजिनांत लोटतें. हवा अधिक, म्हणून पेट्रोलही अधिक जाळतां येतें, आणि लहान इंजिन मोठ्याचें काम करितें. परंतु हें चक्र मिनिटास एक लाखाहून अधिक फेरे घेऊं शकतें, सदा उष्णतेंत राहतें, आणि त्याचा सारा आधार म्हणजे तेलाचा एक पातळ थर. ज्या मालकानें तेल वेळेवर बदललें नाहीं, अथवा घाटांतून गाडी पळवून आणून तत्काळ इंजिन बंद करण्याची संवय ठेविली, त्यानें तें चक्र हळूहळू झिजविलें असें समजावें. ही झीज वरच्या रंगावरून कळत नाहीं. म्हणून आम्ही म्हणतों कीं, जुनी वेगवान गाडी घेणारा मनुष्य गाडीबरोबर पूर्वीच्या मालकाच्या संवयीही विकत घेत असतो.

आतां त्या तीन गाड्यांकडे वळूं. त्यांपैकीं दोन तर आपल्या पुणें जिल्ह्यांतच तयार झालेल्या आहेत.

पहिली फोक्सवॅगन पोलो जी. टी. टी. एस. आय. ही चाकणच्या कारखान्यांत होत असे. सन २०१३ मध्यें ती बाजारांत आली, तेव्हां तिचें इंजिन १.२ लिटरचें असून शक्ति सुमारें १०५ अश्वशक्ति होती. पुढें २०२० पासून तिला एक लिटरचें तीन सिलिंडरांचें इंजिन व निराळी गिअरपेटी मिळाली. २०२२ सालीं पोलोचें उत्पादन येथें थांबलें. दुसरी फियाट अबार्थ पुंटो ही रांजणगांवची. सन २०१५ मध्यें आलेल्या या गाडीचें इंजिन १.४ लिटरचें, शक्ति सुमारें १४५ अश्वशक्ति व चारी चाकांस डिस्क ब्रेक. २०१९ पर्यंत फियाट नांवाच्या मोटारींची येथील विक्री बंद झाली. तिसरी मारुती सुझुकी बालेनो आर. एस.; ही २०१७ च्या मार्च महिन्यांत आली, एक लिटरचें इंजिन व सुमारें १०२ अश्वशक्ति घेऊन. तिलाही चारी चाकांस डिस्क ब्रेक होते. नवीन प्रदूषण-नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले; त्याच सुमारास तीही बाजारांतून गेली.

नुसते आंकडे पाहिल्यास अबार्थ सर्वांवर मात करील. परंतु अश्वशक्तीचा आंकडा एकटा पाहूं नये, तो वजनाशीं ताडून पाहावा. बालेनो आर. एस. चें वजन ९५० किलो, पोलोचें सुमारें १,१००, अबार्थचें सुमारें १,२०० किलो. आमच्या विद्यार्थ्यांनीं भागाकार करून पाहावा : दर हजार किलोंस अबार्थची शक्ति सुमारें १२१, बालेनोची १०७ व पोलोची ९५ पडते. आणखी एक गंमत अशी कीं, २०१८ ची साधी मारुती स्विफ्ट, जिची शक्ति अवघी ८३ व वजन सुमारें ८६० किलो, तीही याच हिशेबानें पोलोच्या बरोबरीस येते ! मात्र टर्बोमुळें पोलोचा जोर कमी फेऱ्यांवरच हातीं येतो, आणि स्विफ्टचें इंजिन त्यासाठीं अधिक फिरवावें लागतें. तात्पर्य, हलकेपणा हीही एक शक्तीच आहे, व ती झिजत नाहीं.

मग स्विफ्टच कां घेऊं नये ? असा प्रश्न त्या मातोश्रींनीं केला. त्याचें उत्तर सुरक्षिततेंत आहे. ग्लोबल एन्कॅप या संस्थेनें भारतीय मोटारी ताशीं ६४ किलोमीटर वेगानें अडथळ्यावर आदळून पाहिल्या. सन २०१४ मध्यें एअरबॅग नसलेल्या पोलोस शून्य तारे मिळाले. दोन एअरबॅग असलेल्या त्याच गाडीस मोठ्या माणसांच्या रक्षणासाठीं चार. २०१८ च्या स्विफ्टला दोन एअरबॅग असूनही दोनच तारे मिळाले. म्हणजे एअरबॅग तर हवीच, पण तिच्याभोंवतींचा सांगाडाही भक्कम हवा. पोलो जी. टी. मध्यें याशिवाय गाडी घसरूं लागतां ती सांवरणारी ई. एस. पी. ही यंत्रणा होती. आईस मुलाची काळजी असेल तर तिनें अश्वशक्तीच्या आधीं या गोष्टी विचाराव्या.

आतां प्रत्येकीचें दुखणें सांगतों. जुन्या पोलोची सात गिअरांची, दोन कोरड्या क्लचांची पेटी मोकळ्या रस्त्यावर फार सुरेख चालते. परंतु मुंगीच्या पावलानें सरकणाऱ्या शहरी गर्दींत तिचे क्लच तापतात व झिजतात, आणि तिचा मेकॅट्रॉनिक नांवाचा नियंत्रक बिघडल्यास खर्च मोठा येतो. म्हणून ही गाडी गर्दींतच चालवून पाहावी. पहिल्या व दुसऱ्या गिअरांत ती हिसके देत असेल तर नमस्कार करून परत फिरावें. अबार्थचें दुखणें इंजिनांत नसून दुकानांत आहे. तिचें टी-जेट जातीचें इंजिन २०१० पासून लिनिया या गाडींतही असल्यामुळें तें जाणणारे मिस्त्री पुण्या-मुंबईकडे सांपडतात. पण विक्री बंद पडलेल्या गाडीचा बंपर वा दिवा फुटला तर तो मिळेपर्यंत धीर धरावा लागतो. जिला रोज कामावर न्यावयाचें आहे अशा एकुलत्या एक गाडीस हा धीर परवडत नाहीं. बालेनोचे पत्रे, कांचा, दिवे यांपैकीं बहुतेक साध्या बालेनोचेच असल्यानें तालुक्याच्या गांवींही त्यांची सोय लागते, व गिअर हातानें बदलावयाचे असल्यानें क्लचाचा खर्च माफक राहतो. उणीव एवढीच कीं, ही गाडी थोडी विकली गेली, म्हणून चांगली मिळण्यास वाट पाहावी लागते.

कोणतीही पसंत पडो, तपासणीचा क्रम एकच. गाडी सकाळीं, इंजिन थंड असतांना पाहावी. आपण येण्यापूर्वींच तें गरम करून ठेविलें असेल तर संशय धरावा. सुरू होतांच निळसर धूर आला तर तेल जळत आहे असें समजावें. चारी टायरांवरील चार आंकडे वाचावे : २३१९ याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. पांच-सहा वर्षांचे टायर वरून चांगले दिसले तरी त्यांची किंमत सौद्यांतून वजा करावी. सर्व्हिसची वही व पावत्या मागाव्या, आणि तेल किती अंतरानें बदललें तें पाहावें. शेवटीं आपल्या विश्वासाच्या मिस्त्र्यास हजार-दोन हजार रुपये देऊन गाडी वर उचलून खालून दाखवावी. एवढ्या सौद्यांत हा खर्च सर्वांत स्वस्त होय.

वेगवान गाडीविषयीं एक निराळी चौकशी अवश्य करावी. कित्येक हौशी लोक इंजिनाच्या संगणकांतील हिशेब बदलून जोर वाढवितात, अथवा सायलेन्सर बदलून आवाज वाढवितात. कारखान्यानें ज्या जोरासाठीं क्लच व गिअर घडविले, त्याहून अधिक ओझें त्यांवर पडतें. शिवाय वाहनाच्या मूळ रचनेंत मन मानेल तसा बदल करतां येत नाहीं, असा सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निर्णय आहे. अपघात झाल्यास विम्याचा दावाही अडूं शकतो. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊं नये.

कागदपत्रांतही हयगय नको. नोंदणीपुस्तकावरील इंजिन व चासी यांचे क्रमांक गाडीवरील क्रमांकांशीं ताडावे. कर्ज फिटल्याचा बँकेचा दाखला व फॉर्म ३५, मालकी बदलण्याचे फॉर्म २९ व ३०, परप्रांतांतील गाडी असल्यास ना-हरकत दाखला, हे सर्व हातीं आल्यावांचून पूर्ण रक्कम देऊं नये. विमा आपल्या नांवावर करून घेण्यासाठीं चौदा दिवसांच्या आंत अर्ज करावा.

आतां आमच्या लहान विद्यार्थ्यांस दोन शब्द. धांवत्या वस्तूंतील ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते, हें तुम्ही विज्ञानांत शिकतां. ताशीं ४० चा वेग ८० झाला तर ब्रेकांनीं जिरवावयाची ऊर्जा दुप्पट नव्हे, चौपट होते. अठरा वर्षांच्या आंतील मुलानें मोटार चालवून गुन्हा केला तर पालकांस अथवा वाहनाच्या मालकास तीन वर्षांपर्यंत कैद व पंचवीस हजार रुपये दंड होऊं शकतो, आणि त्या मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाहीं, असा कायदा २०१९ सालीं झाला आहे. तेव्हां वडिलांच्या खिशांतील किल्लीकडे पाहून हात शिवशिवला तर हे आंकडे आठवावे.

आमच्या त्या विद्यार्थ्यानें प्रथम एक लालभडक अबार्थ पाहिली. इंजिन आधींच गरम होतें व वही हरवली होती. जीव तिच्यावर जडला असूनही तो परत आला, याचें आम्हांस कौतुक वाटतें. दीड महिन्यानें त्याला एक बालेनो आर. एस. मिळाली, एकाच मालकाची, प्रत्येक सर्व्हिसची पावती जपून ठेविलेली. पांच लाखांपैकीं चाळीस हजार त्यानें मुद्दाम बाजूस ठेविले होते, ते चार नव्या टायरांस व तेल-ब्रेकांच्या कामास लागले. "पण वेगवान कशाला ?" या आईच्या प्रश्नास त्यानें शब्दांनीं उत्तर दिलें नाहीं. घाटांत पुढची मालट्रक ओलांडावयाची असतां ती थोडक्या वेळांत ओलांडतां यावी, एवढ्यापुरताच तो जोर वापरतो असें त्या स्वतः सांगतात. त्या पुढच्या आसनावर बसतात, आणि त्यांची नजर अद्यापि वेगाच्या कांट्यावर असते. ती तशीच राहो !