पुराची पातळी आणि घराचं जोतं

जुलै उजाडला की कोल्हापुरात एकच चौकशी सुरू होते: राजाराम बंधारा किती फुटांवर? ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका, हे इथं शाळकरी पोरांनाही पाठ असतं. २०१९च्या ऑगस्टमध्ये या बंधाऱ्यापाशी पंचगंगा नदीनं ५५ फूट ओलांडले, २०२१च्या जुलैत ५६. दोन्ही वेळा शिरोलीजवळ महामार्ग बंद पडला. तरीही नव्या गृहप्रकल्पाच्या जाहिरातीत गच्चीवरची बाग असते, क्लबहाऊस असतं. जोतं पूररेषेच्या किती वर आहे, हे मी तरी कधी छापलेलं पाहिलं नाही. या शहरात इमारत किती मजली आहे यापेक्षा ती कुठल्या जमिनीवर उभी आहे, हे आधी विचारायला हवं.

पूर्वी ते विचारलं जात होतं. १९४५-४६ साली डेक्कन कॉलेजच्या सांकळिया आणि दीक्षित यांनी कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीला उत्खनन केलं, तेव्हा सातवाहनकाळातली वस्ती उजेडात आली. ती नदीला अगदी लागून होती, पण टेकाडावर. पुढं शहर वाढलं, ते भोवतालच्या तळ्यांसह. पावसाचं पाणी थांबायच्या त्या जागा. त्यांतल्या कितीतरी आपण बुजवल्या. कपिलतीर्थावर मंडई आली आणि वरुणतीर्थाचं गांधी मैदान झालं. जोराचा पाऊस झाला की त्या मैदानाचं आजही तळं होतं.

१८९१ला रेल्वे आली आणि १८९५ला शाहू महाराजांनी स्टेशनजवळ शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली. नंतरची राजारामपुरी तर सरळ, क्रमांकांच्या गल्ल्यांची. आखीव वाढ या शहराला नवी नाही. पण शाहूपुरीचं दुखणं आहे जयंती नाला. नदी चढली की नाल्याचं पाणी पुढं सरकत नाही, फुगवटा मागं येतो आणि व्हीनस कॉर्नर, कुंभार गल्ली पाण्यात जातात. नाल्याकाठी टाकलेला प्रत्येक भराव हा फुगवटा शेजाऱ्याच्या दारात ढकलतो.

१९७२ साली महापालिका झाली, पण हद्द दशकानुदशकं जिथल्या तिथं राहिली, जेमतेम ६७ चौरस किलोमीटर. बांधकाम मात्र गावांकडं सरकत गेलं. २०१७ साली अशा ४२ गावांसाठी विकास प्राधिकरण स्थापन झालं. पाण्याला वाट ठेवून बांधण्याची खरी संधी याच गावांत आहे, कारण तिथं अजून ओढे मोकळे आहेत.

२०२०ची राज्याची एकत्रित बांधकाम नियमावली नदीपासून निळ्या रेषेपर्यंत बांधकामाला मनाई करते. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्याची. या दोन्हींच्या मधे परवानगी मिळू शकते, मात्र जोतं लाल रेषेच्या ०.४५ मीटर वर हवं. हे जोतं भराव टाकून उचललं तर घर वाचतं आणि गल्ली बुडते. खांबांवर उचललं आणि तळ खरोखर मोकळा ठेवला, तर पाण्याला वाट राहते. त्या मोकळ्या तळाला पुढं भिंती घालून गाळे काढले, की नकाशावरची सोय नकाशावरच उरते.

यंत्रांचाही प्रश्न उंचीचाच. २०१९ आणि २०२१ला शिंगणापूर, बालिंगा इथली पाणी उपसा केंद्रं बुडाली आणि पुरानं वेढलेलं शहर टँकरवर आलं. मग पूरपट्ट्यातल्या अपार्टमेंटनं वीजमीटर आणि पंप तळमजल्यावर का ठेवावेत? ते पहिल्या मजल्यावर नेण्याची अट परवानगीतच असावी. आणि भोगवटा प्रमाणपत्रावर जोत्याची पातळी आणि लाल रेषा शेजारी शेजारी, मीटरमध्ये लिहिलेली असावी, म्हणजे घर घेणाऱ्याला ती बिल्डरच्या तोंडून ऐकावी लागणार नाही.