मेंडोलिन शिकताना मनगट का दुखते?

भीमगीतांच्या पार्टीत हार्मोनियम, ढोलक आणि बेंजो बहुधा असतोच. बेंजोवर हात बसलेली काही मुलेमुली पुढे मेंडोलिन घेतात आणि पंधरा-वीस दिवसांत मनगट धरून बसतात. बोटांची टोके दुखणे हा शिकण्याचाच भाग आहे. मनगट दुखते ते मात्र बहुतेक वेळा चुकीच्या पकडीमुळे, आणि ते दुखणे अंगावर काढू नये. आपल्याकडे तोच डावा हात दिवसभर बिड्या वळतो, पावसाळ्यात रोवणीला धानाची पेंढी धरतो. तो अडला की रोजी बुडते.

बेंजो आडवा ठेवलेला असतो, त्याला धरावे लागत नाही. डाव्या हाताने वरून बटणे दाबली की झाले. मेंडोलिनला चार जोड्यांत ८ पोलादी तारा असतात आणि बोटाने एका वेळी दोन तारा दाबाव्या लागतात. त्यात नवखा माणूस दांडी कुऱ्हाडीसारखी मुठीत आवळतो. म्हणजे वाद्य तोलायचे, दांडी आवळायची आणि तारही दाबायची, सगळे त्या एकाच हाताने.

म्हणून आधी वाद्याचा भार डाव्या हातावरून काढावा. खांद्यावरून पट्टा घ्या. विकतचा नसेल तर जुन्या ओढणीचा चालतो. गोल पाठीचे मेंडोलिन मांडीवरून घसरते, त्याखाली जाड सुती रुमाल ठेवा. दांडीचे टोक थोडे वर असू द्या. आता डावा हात पूर्ण सोडून पाहा. दांडी खाली झुकली, तर वाजवायला बसण्याआधी पट्टा नीट करा.

दांडी अंगठ्याचे पेर आणि तर्जनीचे मूळ यांच्यामध्ये हलकी टेकते. बेचक्यात रुतू देऊ नका, तिथून पेन्सिल जाईल एवढी फट हवी. तळहात दांडीला लागत नाही. मनगट सरळ ठेवा. हातावर ताट तोलून वाढायला निघाल्यासारखे ते मोडले, की आतल्या नसेवर दाब येतो. कोपर बरगडीला न चिकटवता सैल सोडा.

गिटारवर बोटे जवळजवळ काटकोनात पडतात, मेंडोलिनवर ती तिरकी येतात, व्हायोलिनसारखी. दोन्ही वाद्यांच्या तारा एकाच सुरांत लावतात: एका जोडीवर सा धरला, तर पुढच्या जोडीवर प. त्यामुळे डाव्या बोटांच्या जागाही सारख्याच. बाबासाहेबांनी उतारवयात व्हायोलिन शिकायला घेतले होते, हे अनेक वाचकांना ठाऊक असेल. आता या वयात बोटे कुठे वळणार, असे म्हणणाऱ्या आजोबांना आम्ही तेवढेच सांगतो.

तार पडद्याच्या लगेच मागे, खुंट्यांच्या बाजूने दाबावी. दोन पडद्यांच्या मधोमध दाबली तर जोर जास्त लागतो. किती जोर पुरेसा, ते करून पाहा. बोट नुसते टेकवून तार छेडली तर आवाज फसका येईल. हळूहळू दाबत जा आणि सूर स्वच्छ आला की तिथेच थांबा. नवखे याहून बरेच जास्त दाबतात. एवढे करूनही जोर लागत असेल, तर तारा पडद्यांपासून फार उंच असतील. तो दोष हाताचा नाही, वाद्य दुरुस्त करणाऱ्याकडून घोडी खाली करून घ्या. डाव्या हाताची नखे मात्र कापलेलीच हवीत.

सुरुवातीला दर १० मिनिटांनी हात खाली सोडून झटकावा. बिड्यांच्या सुपावरून उठून लगेच वाद्य घेऊ नये, मध्ये जेवण किंवा चहा होऊ द्यावा. टोकांना घट्टे पडायला काही आठवडे जातात. फोड आला तर फोडू नका. साखरेचा आजार असणाऱ्यांनी बोटांची टोके रोज पाहावीत, त्यांना जखम झालेली लवकर कळत नाही.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधले बोट बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर मनगटातली नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळी आणि शेजारच्या बोटात मुंग्या येत असतील, तर त्रास कोपराशी असू शकतो. अशा वेळी वाजवणे थांबवावे. मनगट ओढून किंवा चोळून घेऊ नये. जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवावे, आणि डॉक्टरांना बिड्या, रोवणी, मेंडोलिन तिन्ही कामे सांगावीत.