रक्त जास्त असणं हासुद्धा आजार? : पॉलिसायथेमिया व्हेरा समजून घेऊया



रक्त कमी असण्याबद्दल आपल्याकडे सगळ्यांनाच थोडंफार माहीत असतं. हिमोग्लोबिन ८ आलं की घरात लगेच बीट, खजूर, गूळ-शेंगदाणे सुरू होतात. शाळेत लोहाच्या गोळ्या मिळतात. पण रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १८ आलं तर? बहुतेक घरांत एकच उत्तर येतं, "वा, रक्त भरपूर आहे, काळजी नाही!" आणि कागद फाईलमध्ये जातो. आजचा पाठ या कागदाबद्दल आहे.

आधी थोडी उजळणी. लोहित रक्तपेशी, म्हणजे आरबीसी, हाडांच्या आतल्या अस्थिमज्जेत तयार होतात आणि साधारण १२० दिवस जगतात. रोज मरणाऱ्या पेशींची भरपाई करायची म्हणून अस्थिमज्जा दर सेकंदाला सुमारे २० लाख नव्या पेशी तयार करते. किती पेशी करायच्या याचा हुकूम मात्र मूत्रपिंडाकडून येतो. रक्तातला ऑक्सिजन कमी पडतोय असं जाणवलं की मूत्रपिंड एरिथ्रोपोएटिन नावाचं संप्रेरक सोडतं. त्याला थोडक्यात ईपीओ म्हणतात. पुस्तकात हे एका ओळीत उरकलेलं असतं, पण या आजाराची गोम इथेच आहे.

ईपीओ येऊन मज्जेतल्या पेशीच्या दारावरची बेल वाजवतं असं समजा. बेलचा आवाज आत पोचवायचं काम जॅक-२ नावाचं प्रथिन करतं. पॉलिसायथेमिया व्हेरामध्ये मज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीच्या जॅक-२ जनुकात बदल होतो. सहसा हा बदल फक्त एका अक्षराचा असतो. त्यामुळे प्रथिनाच्या साखळीत ६१७ व्या जागी व्हॅलिनऐवजी फेनिलॲलॅनिन हे अमिनो आम्ल बसतं. एवढ्याशा फरकाने बेलचं बटण आत अडकल्यासारखं होतं. बाहेर कुणीही नसताना बेल वाजत राहते आणि कारखाना चालूच राहतो. त्या एका पेशीची पिलावळ हळूहळू मज्जेत पसरते. पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेटसुद्धा याच मूळ पेशीपासून होत असल्यामुळे बऱ्याच रुग्णांमध्ये त्यांचीही संख्या वाढलेली दिसते.

हा आजार पॅरिसमधले डॉक्टर लुई व्हाकेझ यांनी १८९२ साली नोंदवला. १९०३ मध्ये विल्यम ऑस्लर यांनी त्याचं सविस्तर वर्णन केलं. जनुकातला बदल सापडायला मात्र २००५ साल उजाडलं. तो जवळपास ९५ टक्के रुग्णांमध्ये आढळतो, म्हणून आज एका रक्तचाचणीने निदानाचं मोठं काम होतं.

मग यात धोका काय?

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' असा रकाना असतो. तो आपण कधी वाचतच नाही. रक्त नळीत घालून जोरात फिरवलं की पेशी तळाशी बसतात आणि पिवळसर द्रव वर राहतो. एकूण उंचीपैकी पेशींचा थर किती टक्के, तो हा आकडा. प्रौढ पुरुषांत तो साधारण ४०-५०, बायकांत थोडा कमी. आकडा वर गेला की रक्त दाट होतं. पाणी नळीतून कसं वाहतं आणि काकवी कशी वाहते ते आठवा. दाट रक्त बारीक वाहिन्यांतून सावकाश सरकतं, त्यात चिकटणाऱ्या प्लेटलेटची भर पडते आणि गुठळी होते. गुठळी मेंदूत अडकली तर पक्षाघात, हृदयात अडकली तर झटका. कधी पायाच्या शिरेत, तर कधी यकृताच्या शिरांसारख्या अगदी वेगळ्या जागीही ती होते. पूर्वी उपचाराविना राहिलेले रुग्ण सरासरी दीड-दोन वर्षंच जगत. आता नीट उपचार घेणारे अनेक जण वीस वर्षं आणि त्याहून जास्त जगतात.

लक्षणं फसवी असतात. डोकं जड होणं, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, लालबुंद चेहरा. "तब्येत कशी टवटवीत दिसतेय" असं लोक म्हणतात, तो हाच चेहरा! प्लीहा वाढल्यामुळे डाव्या बरगडीखाली जडपणा येतो, दोन घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखं वाटतं. तळपायांची आग होते. आणि एक खास खूण: आंघोळीनंतर, विशेषतः गरम पाण्याच्या, अंगाला प्रचंड खाज सुटते. आपल्याकडे याला "पित्त उठलं" म्हणून सोडून देतात. पण पित्तात अंगावर गांधी येतात, इथे कातडीवर काहीच दिसत नाही. साबण बदलून बदलून माणूस थकतो.

आता घाबरून जाऊ नका. हिमोग्लोबिन जास्त दिसलं म्हणजे हाच आजार असं अजिबात नाही. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचं वाढतं, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिन अडवून ठेवतो. लेहसारख्या सुमारे ३५०० मीटर उंचीवर राहणाऱ्यांचं वाढतं. फुप्फुसाचे आजार, झोपेत श्वास अडकणं, मूत्रपिंडातली गाठ हीही कारणं असतात. जुलाबाने अंगातलं पाणी कमी झालं तरी आकडा तात्पुरता फुगतो. म्हणून पुरुषांत १६.५ च्या वर किंवा बायकांत १६ च्या वर हिमोग्लोबिन वारंवार आलं, तर डॉक्टर पुढे शोध घेतात. त्यात ईपीओची पातळी फार बोलकी असते. व्हेरामध्ये ती सहसा कमी असते, म्हणजे मूत्रपिंडाने हुकूम देणं जवळपास बंद केलंय, तरी पेशी होतच आहेत. जॅक-२ चाचणी आणि गरज पडल्यास मज्जेची तपासणी करून निदान पक्कं होतं.

उपचाराचा पहिला भाग ऐकून घरचे हादरतात: रक्त काढायचं. रक्तदानासारखंच, एका वेळी साधारण ३५० ते ५०० मिलिलिटर. "आधीच थकवा, त्यात रक्त काढताय?" हा प्रश्न हमखास येतो, आणि काही जण इथेच उपचार सोडतात. उलट हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. २०१३ साली इटलीतल्या एका अभ्यासात ३६५ रुग्णांचे दोन गट केले. एका गटाचा हिमॅटोक्रिट ४५ च्या खाली ठेवला, दुसऱ्याचा ४५ ते ५०. दुसऱ्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांमुळे मृत्यू किंवा मोठी गुठळी होण्याचं प्रमाण जवळपास चौपट निघालं. फरक फक्त काही टक्क्यांच्या दाटपणाचा! म्हणूनच जळवा लावून किंवा अंदाजाने रक्त काढून हे काम होत नाही, आकडा मोजूनच करावं लागतं. हे काढलेलं रक्त दुसऱ्या कुणाला देत नाहीत.

सोबत बहुतेकांना कमी मात्रेची ॲस्पिरिन देतात. वय साठच्या पुढे असेल किंवा आधी गुठळी झालेली असेल तर हायड्रॉक्सियुरियाच्या कॅप्सूल किंवा इंटरफेरॉन. (विदर्भात, नंदुरबारकडे सिकलसेलच्या रुग्णांना हेच हायड्रॉक्सियुरिया देतात. औषध एक, कारण वेगळं.) काही वर्षांनी थोड्या रुग्णांत मज्जेत तंतू वाढतात, क्वचित रक्ताचा कर्करोगही होतो, त्यामुळे तपासण्या आयुष्यभर चालू ठेवाव्या लागतात.

वारंवार रक्त काढल्यामुळे शरीरातलं लोह कमी होतं आणि रिपोर्टवर तसं लिहूनही येतं. ते वाचून कुणी प्रेमाने लोहाच्या गोळ्या आणून देतं. त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, कारण लोह मिळालं की अडकलेल्या बेलचा कारखाना पुन्हा जोरात सुरू होतो. दात काढायचा असो की ऑपरेशन, या आजाराबद्दल आधी सांगायचंच.

पालक नेहमी विचारतात, हा मुलांना होतो का? जनुकातला हा बदल जन्मतः नसतो, पुढे आयुष्यात मज्जेतल्या पेशीत घडतो, आणि निदान बहुतेक वेळा साठीच्या आसपास होतं. त्यामुळे तो आईवडिलांकडून मुलांकडे सरळ जात नाही. काही मोजक्या कुटुंबांत एकाहून जास्त जणांना झालेला दिसतो. तेव्हा अशा घरातल्या कुणाच्या रिपोर्टमध्ये आकडा वर दिसला, तर तो कागद डॉक्टरांना दाखवताना घरातल्या आजाराचाही उल्लेख करा.