वॉल्व्ह धातूचा की जनावराचा?

मागच्या वर्षी शाबानच्या अखेरच्या आठवड्यातली गोष्ट. इशाची नमाज झाली होती, जेवणे उरकली होती आणि शिरवळच्या आमच्या घरात दोन पोरांचा वाद रंगला होता. थोरला बारावीत, धाकटा नववीत. विषय विज्ञानकथांमधला होता. माणसाला आपले शरीर अधिक बळकट करायचे असेल तर त्याने यंत्राचे अवयव बसवून घ्यावेत, की शरीरच आतून बदलून घ्यावे?

थोरला यंत्राच्या बाजूचा. "लोखंडाचा हात थकत नाही. बिघडला की पार्ट बदलायचा, झालं!"

धाकटा म्हणाला, "तुझा हात गंजेल. माझ्या हाताला जखम झाली तर ती आपोआप भरून येईल."

पोरांना ठाऊक नव्हते की त्याच वेळी आतल्या खोलीत आम्ही मोठी माणसे जवळजवळ हाच वाद घालत होतो. आमचा आवाज खाली होता, एवढाच फरक. समोर पुतणीची फाईल पडली होती. वय चोवीस, लग्नाला एक वर्ष, सासर लोणंदचे. हृदयातली एक झडप निकामी झालेली. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितले होते, "वॉल्व्ह बदलावा लागेल. धातूचा बसवायचा की टिश्यूचा, ते घरी बोलून ठरवा आणि पंधरा दिवसांत या."

कथेतला प्रश्न दवाखान्यात

शरीर मांसाने घडवायचे की यंत्राने, हा विज्ञानकथेचा जुना छंद आहे. मेरी शेली यांच्या 1818 च्या 'फ्रँकेन्स्टाइन'मध्ये मेलेल्यांच्या अवयवांतून एक जीव उभा केला जातो. एच. जी. वेल्स यांच्या 1896 च्या कादंबरीतला डॉक्टर मोरो जनावरांवर शस्त्रक्रिया करून त्यांना माणसांसारखे बनवू पाहतो. दुसऱ्या बाजूला मार्टिन केडिन यांची 1972 ची 'सायबॉर्ग'. तिचा नायक विमान अपघातात हातपाय गमावतो आणि त्याला यंत्राचे अवयव बसवले जातात. ब्रूस स्टर्लिंग यांच्या 1985 च्या 'स्किझमॅट्रिक्स'मध्ये तर माणसांचे दोन तटच पडले आहेत. एक तट शरीराची घडण जनुकांतून बदलणाऱ्यांचा, दुसरा यंत्रे जोडून घेणाऱ्यांचा, आणि दोघांत हाडवैर.

'सायबॉर्ग' हा शब्द 1960 सालचा. अंतराळात माणूस कसा तगेल, याचा विचार करताना मॅनफ्रेड क्लाइन्स आणि नेथन क्लाइन या दोघांनी तो घडवला. त्याच वर्षी अमेरिकेतल्या पोर्टलँड शहरात डॉ. आल्बर्ट स्टार यांनी रुग्णाच्या हृदयात कृत्रिम झडप बसवली. इंजिनिअर लोवेल एडवर्ड्स यांच्यासोबत तयार केलेल्या या झडपेत पिंजऱ्यातला एक गोळा वरखाली होई. पुढे त्याच दशकात पॅरिसमध्ये डॉ. आलां कार्पेंतिए यांनी डुकराच्या हृदयातली झडप रसायनाने टिकाऊ करून माणसाला बसवण्याची वाट पाडली. म्हणजे कथेतले दोन्ही तट दवाखान्यात कधीचेच येऊन बसले होते. आमच्या घरी ते आता पोचले.

आपल्याच देशातली झडप

यंत्राची बाजू आम्हाला नवी नव्हती. आमच्या मोठ्या मामूंच्या छातीत अठरा वर्षांपासून धातूचा वॉल्व्ह आहे. मशिदीत सगळे सजद्यात गेले की शेजारच्या माणसाला त्यांची बारीक टिकटिक ऐकू येते. पोरे तिला 'मामूंची घडी' म्हणतात.

मामूंची झडप आपल्याच देशात बनलेली आहे. परदेशी वॉल्व्ह सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेरचा होता, तेव्हा तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशी वॉल्व्ह बनवायला घेतला. आधीचे नमुने फसले, तरी त्यांनी काम सोडले नाही. डिसेंबर 1990 मध्ये पहिल्या रुग्णाला तो बसला. धातूच्या चौकटीत खास प्लॅस्टिकची एक चकती, दर ठोक्याला उघडणारी आणि मिटणारी. मिनिटाला सत्तर ठोके धरले तर वर्षाला साडेतीन कोटींहून अधिक वेळा. डॉ. वलियाथन 2024 मध्ये गेले. त्यांच्या झडपा आजवर लाखाहून अधिक माणसांना बसल्या आहेत.

मग पुतणीलाही तसाच बसवावा, असे आमच्या मनाने आधीच घेतले होते. एकदा बसवला की दशकानुदशके चालतो आणि पुन्हा छाती उघडावी लागण्याची शक्यता कमी. भाईजान तर म्हणाले, "पोरीला दोनदा कापायचं नाही. विषय संपला."

टिकाऊपणाची किंमत

विषय संपला नव्हता. मामूंनीच तो पुन्हा उघडला. ते म्हणाले, "माझी घडी बंद पडत नाही, खरं आहे. पण तिला रोज चावी द्यावी लागते, ते तुम्ही पाहिलंय का?"

ती चावी म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. धातूच्या झडपेवर रक्ताची गुठळी धरू शकते. ती सुटून मेंदूकडे गेली तर लकवा होतो, झडपेतच अडकली तर जीव धोक्यात येतो. म्हणून गोळी जन्मभर, आणि तिचा डोस बरोबर आहे का हे पाहायला आयएनआर नावाची रक्ततपासणी वरचेवर. आकडा खाली गेला तर गुठळी, वर गेला तर रक्तस्राव. मेथी, पालक यांसारख्या पालेभाज्यांनीही तो हलतो. भाजी बंद करायची नसते, पण एक आठवडा रोज आणि दुसरा आठवडा अजिबात नाही, असेही चालत नाही. दात काढायचा, साधी वेदनाशामक गोळी घ्यायची, हकिमाचे औषध सुरू करायचे किंवा हिजामा करून घ्यायचा, तरी आधी डॉक्टरांना विचारावे लागते. रमजानमध्ये गोळीची वेळ बदलायची तर तेही विचारूनच.

मामूंना हे सारे जमले. पुतणीचा प्रश्न वेगळा होता, कारण तिला मूल हवे होते. या झडपांसोबत वर्षानुवर्षे वापरली जाणारी वॉरफरिन ही गोळी आईच्या रक्तातून बाळापर्यंत पोचते आणि पहिल्या काही महिन्यांत त्याच्यात व्यंग निर्माण करू शकते. गोळी थांबवून हेपॅरिनची इंजेक्शने देता येतात, पण त्या काळात झडपेवर गुठळी धरण्याची भीती वाढते. रक्त पातळ करणाऱ्या नव्या गोळ्या धातूच्या वॉल्व्हला चालत नाहीत. अशा झडपेसह बाळंतपण होतच नाही असे नाही, पण आई आणि बाळ दोघांसाठी ते जोखमीचे असते.

टिश्यूचा वॉल्व्ह जनावराच्या पेशीजालापासून बनतो. काही वॉल्व्ह डुकराच्या हृदयातल्या झडपेचे असतात, काही गाय-बैलांच्या हृदयावरच्या आवरणातून शिवलेले. त्यासोबत रक्त पातळ करणारी गोळी बहुधा सुरुवातीचे काही महिनेच लागते. टिकटिक नाही. पण तो झिजतो, त्यात चुना साचून तो कडक होतो. साधारण दहा ते पंधरा वर्षे चालतो, आणि रुग्ण जितका तरुण तितका तो लवकर निकामी होतो. म्हणजे चोविसाव्या वर्षी बसवला तर दुसरी शस्त्रक्रिया जवळपास ठरलेली. नववीतल्या आमच्या धाकट्याचे 'आपोआप भरून येईल' इथे लागू नव्हते. हे पेशीजाल मेलेले असते, ते स्वतःची दुरुस्ती करत नाही.

हलाल-हरामचा प्रश्न

दादीमाँनी एकच प्रश्न विचारला, "त्यात डुकराचं काही नाही ना?"

आम्ही हा प्रश्न डॉक्टरांना विचारायला संकोचत होतो. विचारला तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, "बरं केलंत, आधी सांगितलंत. गाईच्या आवरणाचा वॉल्व्ह मिळतो, फाईलवर तशी नोंद करतो." ऑपरेशन थिएटरच्या दारात हा प्रश्न काढण्यापेक्षा पहिल्याच भेटीत काढणे केव्हाही चांगले.

आमच्या ओळखीच्या एका आलिमांकडेही गेलो. त्यांनी हजरत अरफजा (रजि.) यांची हकीकत सांगितली. एका लढाईत त्यांचे नाक कापले गेले. त्यांनी चांदीचे नाक बसवून घेतले, पण त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सोन्याचे नाक बसवायला सांगितले. पुरुषाला सोने वर्ज्य, तरीही. अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या हदीससंग्रहांत ही हकीकत आहे. आलिम म्हणाले, "चांदी चालली नाही म्हणून सोनं. आधी पर्याय पाहा. पर्याय असेल तर तो घ्या. नसेल आणि जिवाचा प्रश्न असेल, तर जरूरत निषिद्ध गोष्टीलाही मुभा देते." डुकराच्या झडपेला अशा मजबुरीत अनेक आलिमांनी परवानगी दिलेली आहे. प्रत्येक घराने आपल्या भरवशाच्या आलिमांना विचारावे हे बरे. पण विचारण्यात आठवडे घालवू नयेत.

जयपूरचा पाय, कोचीचे हात

त्या दिवसांत आम्ही बरेच वाचले. त्यातल्या दोन गोष्टी मनात राहिल्या.

जयपूरमध्ये डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी 1960 च्या दशकाच्या अखेरीस जो पाय बनवला, तो तेव्हाच्या परदेशी पायांपेक्षा महाग किंवा ताकदवान नव्हता. परदेशी पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी होता. आपल्याकडची माणसे जमिनीवर मांडी घालतात, उकिडवी बसतात, शेतात अनवाणी चालतात. रबराचा तो जयपूरचा पाय हे करू देत होता. मुसल्ल्यावर बसणाऱ्याला त्याचे मोल वेगळे सांगायला नको.

दुसरी गोष्ट पुण्याच्या एका तरुणीची. अपघातात तिचे दोन्ही हात गेले. यंत्राचे हात तिने वापरून पाहिले, पण ते तिला मानवले नाहीत. 2017 मध्ये कोचीच्या अमृता रुग्णालयात तिला एका मृत तरुणाचे हात बसवण्यात आले. त्या मुलाच्या आईवडिलांनी आपल्या दुःखातून हा होकार दिला होता. बदल्यात तिला शरीराची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे जन्मभर घ्यायची आहेत. तिनेही आपली 'चावी' स्वीकारली आहे, फक्त ती वेगळी आहे.

पोरांच्या वादात प्रश्न असतो, कोणता अवयव जास्त ताकदीचा? घरात प्रश्न वेगळा पडतो. हा अवयव रोज आपल्याकडून काय मागणार, आणि ते देत राहणे कोणाला जमणार?

जिचे हृदय, तिचा निर्णय

आठवडाभर सगळे बोलत होते. भाईजानना दुसऱ्या ऑपरेशनची भीती, भाभींना पोरीच्या संसाराची, लोणंदच्या मंडळींना नातवंडाची आस. जावई एमआयडीसीतली दुसरी पाळी संपवून रात्री उशिरा यायचे आणि गप्प बसून ऐकायचे. पुतणीला मात्र कोणी विचारलेच नव्हते. त्यात आम्हीही होतो, हे कबूल करायला हवे.

शेवटी मामूंनी विचारले, "बेटी, तुला काय वाटतं?"

ती म्हणाली, "मला गाईचा वॉल्व्ह हवा. मूल व्हावं म्हणून, पण तेवढ्यासाठीच नाही. मला सुईची आणि रोजच्या आकड्याची धास्ती वाटते. मामू, तुमच्यासारखी शिस्त माझ्यात नाही, ते मला माहीत आहे. पंधरा वर्षांनी पुन्हा कापलं तर कापलं. तेव्हा माझं पोरगं याच्याएवढं असेल," तिने धाकट्याकडे बोट केले, "ते माझ्याजवळ बसेल. आणि नसलंच झालं, तर तुम्ही आहात."

भाईजान उठून बाहेर ओट्यावर गेले. महामार्गावरून ट्रक जात होते, ते तिकडे बघत बराच वेळ उभे राहिले. आत आले आणि म्हणाले, "पंधरा दिवस कशाला, उद्याच जाऊ."

वाचकांना एवढेच सांगणे

तुमच्या घरी ही वेळ आली, तर डॉक्टरांना आधी विचारा, "आमची स्वतःची झडप दुरुस्त होईल का? फुग्याने रुंद करता येईल का?" होत असेल तर बहुधा तेच बरे. पुतणीची झडप अरुंदही होती आणि गळतही होती, म्हणून ते जमले नाही. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेची शस्त्रक्रिया होते; योजनेत असलेल्या रुग्णालयात कोणती झडप मिळेल, हे दाखल होण्याआधी स्पष्ट करून घ्या. आणि मामूंना धातूचा आणि पुतणीला टिश्यूचा, हे दोन्ही निर्णय बरोबर असू शकतात, हे लक्षात ठेवा.

त्याहून मोठी गोष्ट लहान मुलांची आहे. पुतणीचा आजार बालपणीच्या घसादुखीतून सुरू झाला. घसा आला, मग गुडघे-घोटे सुजले, ताप आला. आम्ही 'वाढीचं दुखणं' म्हणून लेप लावत राहिलो. तो संधिवाताचा ताप होता. वेळीच ओळखला असता तर दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन देऊन तिची झडप कदाचित वाचली असती. घसा आणि सांधे पाठोपाठ दुखले तर मुलाला डॉक्टरांकडे न्या.

ऑपरेशन ईदनंतर झाले. अल्हम्दुलिल्लाह, पुतणी आता जिना चढताना थांबत नाही. यंदाच्या शाबानमध्ये ती माहेरी आली, तेव्हा तिने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रमजानच्या तारखांखाली पुढच्या इकोची तारीख लिहिली. रात्री पोरांचा वाद पुन्हा सुरू झाला, तेव्हा थोरल्याने तिला पंच केले. ती मामूंकडे बघून म्हणाली, "आधी हे विचारा, देखभाल कोण करणार आहे?"