इंजिनाची नाडी

मराठीच्या मास्तराने इंजिनावर लिहावे, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण वर्गात इतकी वर्षे ध्वनिविचार शिकविणाऱ्या मला ऐकावे कसे, हे शिकविले ते आंबिवलीच्या एका मिस्त्रींनी.

२००९ साली मोहोन्याचा रेयॉनचा कारखाना बंद झाला. तेथे कामाला असलेल्या आमच्या शेजारच्या अण्णांनी उसनवारी करून सहा सिलिंडरांचा एक जुना डिझेल ट्रक घेतला. दोन वर्षे बरी गेली. २०११ च्या दिवाळीआधी मात्र इंजिन ठोके देऊ लागले. सकाळी ऑइलच्या घड्याळाचा काटा ठीक असे. इंजिन तापले की शून्याकडे कलंडे. नाशिकच्या चार खेपा ठरलेल्या. कोणी म्हणाले, "जाड ऑइल भरा, काटा वर येईल." अण्णांना ते पटले. तरी निघण्यापूर्वी ट्रक मिस्त्रींना दाखविला. मी सोबत होतो.

"अण्णा, गोळीने ताप उतरला म्हणजे रोग गेला का?" मिस्त्री म्हणाले.

बेरिंग आणि क्रँक यांच्यामध्ये केसाएवढी बारीक फट असते. पंपाने दाबलेले ऑइल त्या फटीत राहून धातूला धातू लागू देत नाही. बेरिंग झिजले की फट वाढते, ऑइल वाहून जाते आणि दाब पडतो. तापून ऑइल पातळ झाले की अधिकच. जाड ऑइलाने काटा चढेल. फट तेवढीच राहील.

पण मिस्त्रींनी लगेच इंजिन खोलले नाही. आधी घड्याळावरच संशय घेतला: दुसरे घड्याळ लावून दाब पाहिला. गरम इंजिनाला हजार फेऱ्यांमागे साधारण १० पौंड दाब हवा, हा गॅरेजमधला ढोबळ हिशेब. खरा आकडा त्या इंजिनाच्या पुस्तकात. दाब खरोखरच कमी होता. मग ऑइलची पातळी पाहिली, डिझेल मिसळले का म्हणून वास घेतला. दोन्ही ठीक.

नंतर लांब स्क्रू ड्रायव्हरचे टोक इंजिनावर आणि मूठ कानाशी! वरून येणारी हलकी टिकटिक टॅपेटची; क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा. थंडपणी वाजून तापल्यावर निवळते ती बहुधा पिस्टनची. हा ठोका खालचा, जड, आणि तापल्यावर वाढणारा. मग त्यांनी एकेका नोझलचा पाइप सैल केला. (हे जाणत्यानेच करावे, दाबाखालचे डिझेल कातडीत घुसते.) तिसऱ्याचा पाइप सैल होताच ठोका दबला.

चेंबर उतरविले. पंपाच्या जाळीत धातूचा चुरा, आणि तिसऱ्या कनेक्टिंग रॉडचे बेरिंग झिजून तांबे दिसू लागलेले. क्रँक मायक्रोमीटरने मोजला. तो सुदैवाने शाबूत होता. बेरिंगे बदलली, पंप आणि दाबाचा व्हॉल्व्ह तपासला.

"कसारा घाटात भरल्या गाडीने रॉड तुटला असता, तर इंजिन फोडूनच बाहेर आला असता," मिस्त्री म्हणाले. अण्णा काहीच बोलले नाहीत.

दोन खेपा बुडाल्या. त्या दिवाळीत अण्णांकडे फटाके आले नाहीत. पण भाऊबिजेनंतर ट्रक घाट चढून गेला, आणि तापलेल्या इंजिनावरही काटा जागचा हलला नाही.