तिकीट एक, गाड्या अनेक : हॅम्बुर्गचा हिशेब

मुंब्र्याहून लोकलने शीव आणि तेथून बसने धारावीचा कारखाना, असा रोजचा प्रवास करणारा कारागीर दोन वेगळी भाडी भरतो. गाडी बदलली की भाडे पुन्हा पहिल्यापासून सुरू!

जर्मनीतील हॅम्बुर्ग या बंदराच्या शहरातही पूर्वी हीच तऱ्हा होती. भुयारी रेल्वे एका कंपनीची, उपनगरी गाड्या सरकारी रेल्वेच्या, बंदरातल्या बोटी तिसऱ्याच कंपनीच्या. नोव्हेंबर १९६५ मध्ये या सर्वांनी मिळून एक वाहतूक संघ काढला. अशा प्रकारचा हा जगातला पहिला संघ समजला जातो.

याची किल्ली गल्ल्यात आहे. शहर व आसपासचा मुलूख भाड्यासाठी विभागांत वाटलेला आहे. प्रवास किती विभागांतून झाला यावर भाडे ठरते. गाड्या किती बदलल्या यावर नाही. त्याच तिकिटावर रेल्वेतून उतरून बस पकडा, नाहीतर धक्क्यावरून बोटीने एल्बे नदीपलीकडे जा. जमलेला पैसा मग ठरलेल्या हिशेबाने कंपन्यांत वाटला जातो. भागीदारीच्या दुकानात गल्ला एक आणि वाटणी मागाहून, तसेच हे. अर्थात भाड्यातून सगळा खर्च भागत नाही, तूट सरकारी तिजोरी सोसते. १९९६ पासून तर संघाची सूत्रे कंपन्यांकडून तेथील राज्ये व जिल्हे यांच्या हाती आली.

स्टेशनात शिरताना फाटक नाही. तपासनीस मात्र अचानक येतो, आणि तिकीट नसेल तर ६० युरो दंड. विश्वास आहे, पण फुकटचा नाही.

मे २०२३ मध्ये जर्मनीने ४९ युरोंचा मासिक पास काढला. देशभरातल्या शहरी व प्रादेशिक गाड्यांत तो चालतो, लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्यांत नाही. २०२५ मध्ये त्याची किंमत ५८ युरो झाली आणि २०२६ मध्ये ६३.

आपल्याकडे २०१९ मध्ये नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड आले. सुट्ट्या पैशांची कटकट त्याने वाचते, हे खरे. परंतु एकाच कार्डाने मेट्रोचे आणि बेस्टचे भाडे देता आले, तरी कापली जातात ती दोन भाडीच. म्हणून ‘एक कार्ड’ अशी जाहिरात दिसली की कारागीर बांधवांनी एवढेच विचारावे : गाडी बदलल्यावर भाडे पुढे चालू राहते, की नव्याने सुरू होते?